देवाने क्षमा केली, तरी बहिणीला सांगावं लागेल का?

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती बांधवाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, हा मुलगा आणि महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलेली धाकटी बहीण. शेत साडेतीन एकर. "बँकेच्या कर्जाला तुझी सही लागते" असं सांगून त्याने बहिणीला सबरजिस्ट्रार ऑफिसात नेलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. कागद कन्नडमध्ये होता, बहीण मराठी शाळेत शिकलेली. भावावर विश्वास ठेवून तिने दाखवलं तिथे सही केली. पुढे आईही गेली. दर नाताळला हा तिच्याकडे तांदळाचं पोतं पोचवतो. मध्यंतरी उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या प्रार्थनासभेत, तो ढसाढसा रडला, देवापुढे सगळं पदरी घेतलं आणि मन हलकं झालं. पण काही आठवड्यांतच झोप पुन्हा उडाली. त्याच्या पाळकांचं म्हणणं, "प्रभूने क्षमा केली, आता मागचं उकरू नका." तो विचारतो: देवाने क्षमा केली असेल तर बहिणीला सांगायलाच हवं का? सांगितलं तर घर मोडेल.

भाऊ, सांगावं लागेल. उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण पुढचं सगळं वाचताना तुम्ही त्यातून सुटायची वाट शोधत बसाल. बेळगाव आणि खानापूरकडच्या मराठी चर्च-मंडळ्यांत पाळक म्हणून माझी उमर गेली. वाटणीची, सह्यांची, दागिन्यांची अशी किती प्रकरणं लोकांनी माझ्यापुढे ठेवली आहेत. त्यावरून आणि शास्त्रावरून बोलतो.

सभेतले तुमचे अश्रू खोटे होते असं मी म्हणणार नाही. देवापुढे पाप पदरी घेणं हीच सुरुवात आहे. पण तुमच्यासारखी माणसं इथे एका वचनाचा आधार घेतात. ५१व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी तुझ्याविरुद्धच पाप केलं आहे. मग देवाशी हिशेब मिटला की झालं, असं वाटतं. पण दावीद हे म्हणाला तेव्हा उरीया, म्हणजे ज्याच्या बायकोशी त्याने पाप केलं तो माणूस, कुठे होता? त्याला युद्धात पुढे घालून दावीदानेच मारवलं होतं. ज्याच्याकडे जायचं तो माणूसच राहिला नव्हता. तुमची बहीण चंदगडला आहे. सकाळच्या गाडीने निघालात तर संध्याकाळी घरी परत याल. दाविदाला नव्हती ती सोय देवाने तुम्हाला ठेवली आहे.

मन हलकं होऊन पुन्हा का जड झालं, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग. याचं उत्तर उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाच्या भावांच्या गोष्टीत आहे, आणि आपल्या मंडळ्यांत तो भाग फार कमी वाचला जातो. भावांनी योसेफाला विकलं. वीसहून अधिक वर्षांनी दुष्काळात ते धान्यासाठी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आले. ४२व्या अध्यायात ते आपापसात म्हणतात, आपण भावाच्या बाबतीत खरोखर दोषी आहोत, तो गयावया करत होता तरी आपण ऐकलं नाही. मध्ये दुभाषी होता, म्हणून समोरच्या अधिकाऱ्याला आपलं बोलणं कळत नाही असं त्यांना वाटलं. तो अधिकारी योसेफच होता, आणि तो सगळं ऐकत होता. ४५व्या अध्यायात तो ओळख देतो, त्यांच्या गळ्यात पडून रडतो. बहुतेक प्रवचनं इथेच संपतात. पण लक्षपूर्वक वाचा, त्या भेटीत भावांनी योसेफाच्या तोंडावर "आम्ही तुला विकलं, आम्ही पाप केलं" असं म्हटल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. आपापसात म्हणाले, त्याला म्हणाले नाहीत.

पुढे त्यांचा बाप याकोब मिसरात १७ वर्षं जगला. ती १७ वर्षं भाऊ योसेफाच्या आसऱ्याने राहिले, त्याचं अन्न खाल्लं, त्याने दिलेल्या जमिनीवर गुरं चारली. आणि बाप मेल्याबरोबर ५०व्या अध्यायात त्यांना काय वाटतं? आता योसेफ आपला सूड घेईल. तेव्हा कुठे ते निरोप पाठवतात की आमच्या अपराधाची क्षमा कर, आणि तोही मेलेल्या बापाच्या नावाने. निरोप ऐकून योसेफ रडला. मला वाटतं, या माणसांना इतकी वर्षं माझी भीतीच वाटत होती, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

त्या भावांना क्षमा कधीच मिळालेली होती. मनाला स्वस्थता मात्र नव्हती, कारण ज्याचं घेतलं त्याच्याशी त्याबद्दल शब्दही बोलले नव्हते. तुमची झोप याच कारणाने उडाली आहे. देवाची क्षमा कच्ची होती असं अजिबात समजू नका. नाताळचं पोतं पोचवताना बहीण दारात हसून "या दादा" म्हणते, आणि तिला काहीच माहीत नाही हे तुम्हाला माहीत असतं. जोवर हे असं आहे तोवर कितीही सभा करा.

आता परत देण्याविषयी. बायबलच्या गणना या पुस्तकात ५:७ मध्ये क्रम स्पष्ट आहे. माणसाने पाप कबूल करावं, ज्याचं घेतलं त्याला पुरतं परत करावं आणि वर पाचवा हिस्सा घालावा. लेवीय ६ मध्ये तर दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दल वाहायच्या अर्पणाच्या, त्याच दिवशी मालकाची वस्तू मालकाला द्यायला सांगितलं आहे. देवाची भेट वेदीजवळ ठेव, आधी भावाकडे जा, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं (मत्तय ५:२३-२४), तेही याच वाटेवरचं. आणि येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाचं पाहा. तो उभा राहिला आणि आकडे बोलला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट. "आज या घराला तारण झालं", म्हणजे या घराचा उद्धार झाला, हे येशू त्यानंतर म्हणाला. तारण पैशाने विकत मिळतं असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण ज्याचं मन बदललं आहे त्याच्या तोंडी आकडा येतो, एवढं तरी लूकने आपल्या शुभवर्तमानात दाखवलं आहे.

तुमचा आकडा काय? आपल्याकडे पुष्कळ ख्रिस्ती घरांत अजून समज आहे की मुलीला लग्नात दिलं की शेतावर तिचा हक्क संपला. हा गावचा रिवाज आहे, कायदा नव्हे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलांना सारखं, आणि त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. आईनेही मृत्युपत्र केलं नसेल तर तिचा हिस्साही तुम्हा दोघांत सारखा. म्हणजे साडेतीन एकराचे १४० गुंठे, त्यातले ७० गुंठे बहिणीचे. पावणेदोन एकर. शिवाय इतक्या वर्षांचं भात तुम्ही एकट्याने काढलंत, त्याचाही विचार करा. पोती मोजून देणं जमणार नाही हे मला कळतं, पण "जमिनीव्यतिरिक्त इतके पैसे, इतक्या मुदतीत" असा काहीतरी आकडा मनाशी ठरवल्याशिवाय तिच्या घरी जाऊ नका. नाताळचं पोतं या हिशेबात धरू नका. ते तुम्ही भाऊ म्हणून दिलं असं तिला वाटतं. आज ते भरपाई म्हणून मोजलंत तर तिच्याकडून भावाची मायाही काढून घेतल्यासारखं होईल.

कसं सांगायचं यावर जरा थांबतो, कारण चांगल्या मनाने गेलेली माणसंही इथेच फसतात.

एका घरातली गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघे भाऊ, ऊस एकत्र, कारखान्याचं बिल थोरल्याच्या खात्यावर यायचं. काही वर्षं त्याने धाकट्याला कमी सांगितलं. पुढे मनाला लागलं तेव्हा तो धाकट्याकडे गेला आणि म्हणाला, "माझ्याबद्दल तुझ्या मनात काही असलं तर माफ कर." धाकट्याने चहा दिला, विषय संपला. नंतर धाकटा मला म्हणाला, "माझ्या मनात काय हाय ते इचारलं त्यानं. त्यानं काय केलं ते सांगितलंच न्हाई की." थोरल्याला मी हे कळवलं. दुसऱ्या खेपेला तो बिलांच्या पावत्या घेऊन गेला आणि एकेक वर्ष वाचत गेला: एवढे आले, तुला एवढे सांगितले, एवढे मी ठेवले. धाकटा मधेच उठून गोठ्यात गेला. बराच वेळ आला नाही. आला तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अन् दुष्काळाच्या सालचं?" ते वर्ष थोरला विसरला होता. त्याने कबूल केलं, लिहून घेतलं. त्या दोघांत खरं बोलणं सुरू झालं ते तिथून. क्षमेचा शब्द त्या दिवशी निघालाच नाही, पुढे कितीतरी दिवसांनी निघाला.

म्हणून तुमच्या तोंडी साधारण असं यावं: "बाबा गेल्यावर मी तुला ऑफिसात नेलं आणि बँकेच्या कर्जासाठी सही पाहिजे म्हणालो. ते खोटं होतं. तो हक्कसोडपत्राचा कागद होता. तुला कन्नड वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तो तुला वाचून दाखवला नाही. त्या कागदाने तुझा हिस्सा माझ्या नावावर झाला. तुझे ७० गुंठे मी परत करणार आहे." एवढं बोला आणि गप्प बसा. ती रडेल, ओरडेल, उठून जाईल, नाहीतर काहीच बोलणार नाही. मधली पोकळी भरायला जाऊ नका.

काही गोष्टी तोंडी येऊ देऊ नका. "आईनेच सांगितलं होतं" हे खरं असलं तरी नाही, कारण आई आता उत्तर द्यायला नाही. "तुझ्या लग्नाला खर्च झाला" हेही नाही. तो खर्च बापाने केला होता, तुम्ही नव्हे. "तेव्हा परिस्थिती तशी होती" हे तर नकोच. आणि "माफ केलंस म्हण, मग मला झोप लागेल" असं म्हणालात तर तुमच्या झोपेचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलंत. क्षमा जरूर मागा, पण सगळ्यात शेवटी, आणि उत्तराची घाई न करता.

जाण्याआधी बायकोला सांगा. ती तुमच्याबरोबर त्या शेतात राबली आहे, आणि हे तिला नणंदेकडून कळता कामा नये. तिने विरोध केला तर तिचं पूर्ण ऐकून घ्या. पण बहिणीचं बहिणीला द्यायचं की नाही, हा निर्णय घरात मत घेऊन ठरवायचा नाही. मुलं मोठी असतील तर त्यांनाही हेच सांगा. तिकडे बहिणीला मात्र आधी एकटीला सांगा. आपल्याकडे बाई काही बोलायच्या आत भाऊजी किंवा सासरे बोलायला लागतात. सही तिची घेतली होती, तेव्हा पहिल्यांदा ऐकण्याचा मानही तिचाच.

सभेत उठून साक्ष देण्याची इच्छा होत असेल, तर बहिणीकडे जाऊन येईपर्यंत ती आवरा. कबुली जाहीर करण्याची परंपरा आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत जुनी आहे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात उज्जीवन झालं तेव्हा मुली मोठ्याने रडत आपापली पापं सांगत होत्या. त्याबद्दल मला आदर आहे. पण मंडळीने आधी ऐकलं आणि बहिणीला ते कोणाच्या तोंडून कळलं, तर एकदा फसवलेल्या बाईची दुसऱ्यांदा चारचौघांत शोभा होते. ज्यांचं नुकसान झालं त्यांना आधी सांगावं, आणि ज्यांचा त्यात काही संबंध नाही त्यांना सांगितलंच पाहिजे असं नाही.

मात्र एखादा भरवशाचा माणूस हवा. मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या इंग्लंडच्या जॉन वेस्लीने १७३८ साली लहान गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा जमायचं आणि मागच्या भेटीनंतर कोणतं पाप जाणूनबुजून घडलं ते एकमेकांना विचारायचं. याकोबाच्या पत्रातलं ५:१६, म्हणजे आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा हे वचन, पाळण्यासाठीच हे गट आहेत, असं त्याने म्हटलं होतं. १८२० साली मिशनरी जोसेफ टेलर बेळगावात आले आणि लंडन मिशनचं काम सुरू झालं. पुढे ते मेथडिस्टांकडे आलं. त्या वेस्लीच्या वारशातल्या मंडळ्यांतही आज हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमचे कॅथलिक शेजारी कुमसाराला, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करायला, जातात. तिथे ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, चर्चच्या कायद्याने त्यांना पूर्ण बंदी आहे. पण तिथेही चोरलेलं शक्य तितकं परत करणं ही कबुलीतून निघणारी जबाबदारीच मानली आहे. पंथ कोणताही असो, माल ठेवून पापमुक्ती मिळत नाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण हे उत्तर वाचून कोणी भलतंच करू नये. प्रत्येक पाप संबंधित माणसाला जाऊन सांगायचं नसतं. कोणाबद्दल मनात मत्सर होता आणि त्याला त्याची कल्पनाही नाही, तर ते देवाजवळ सांगावं. त्याला ऐकवून त्याच्या जिवाला घोर लावू नये. ज्याने एखाद्या बाईवर हात टाकला, छळ केला, त्याने "क्षमा मागतो" म्हणून तिच्या दारात जाऊन उभं राहू नये. ती बोलावेल तर जावं, नाहीतर दूरच राहणं हीच त्याची परतफेड. आणि लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळकांनी तो प्रार्थनेत मिटवायचा नाही. विवाहबाह्य संबंधांचा प्रश्न अवघड आहे, त्यावर एका ओळीत सल्ला देणारा माणूस टाळा. तुमचं प्रकरण यातल्या कशातच बसत नाही. तुमची बहीण सुरक्षित आहे, तिचा हक्क बुडाला आहे आणि तो परत देता येतो.

आता तुमच्या पाळकांविषयी, आणि हे वाचणाऱ्या इतर पाळकांसाठीही. मत्तयाच्या २७व्या अध्यायात येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत चांदीची ३० नाणी परत घेऊन याजकांकडे जातो आणि मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं असं स्पष्ट म्हणतो. कबुली होती, पैसेही परत आणले होते. याजक म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू पाहा. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी पाप घेऊन दाराशी आला तर "प्रभूने क्षमा केली, जा" एवढ्यावर त्याला वाटेला लावणं मला फार जड जातं. बोलताना शब्द गोड असतील, पण त्या माणसाला ज्या वाटेने जायचं आहे तिथे आपण त्याच्याबरोबर एक पाऊलही टाकत नाही. क्षमेची बातमी सांगा आणि लगेच विचारा: कोणाचं घेतलंस, किती, ती व्यक्ती कुठे आहे, कधी जाणार?

तिने क्षमा केलीच नाही तर? तसं होऊ शकतं. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीने राहा असं आहे. तुमच्याकडून होईल तितकं, तिच्याकडचं नव्हे. साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचं वचन पेत्राला सांगितलं होतं, ते त्याच्यावर अन्याय करणाऱ्यांबद्दल. ज्याने अन्याय केला त्याने ते वचन बहिणीपुढे वाचू नये. तिच्या पाळकांकरवी, भाऊजींकरवी दबाव आणू नये. तिला वर्ष लागलं तर वर्ष लागू द्या. योसेफाने तर भावांची परीक्षा घेतली, आणि धाकट्या बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवा असं त्यांच्यातलाच भाऊ यहूदा म्हणाला तेव्हाच त्याला आवरेना झालं. तुम्ही खरोखर बदललात का, हे तिला पाहू द्या. तो तिचा अधिकार आहे. जमीन मात्र तिच्या उत्तरासाठी अडवून ठेवायची नाही. क्षमा केली तरी तिची, न केली तरी तिचीच.

ती वारली असती तर काय, असंही पुष्कळ जण विचारतात. मग तिच्या मुलांकडे जायचं. गणना ५:८ मध्ये जवळचा नातलगही नसेल तर ते परमेश्वराला द्यावं असं आहे. कुठल्याही अवस्थेत ते तुमच्याकडे राहत नाही.

कागदांचं काम वकिलाकडून करून घ्या. "मी अडचणीत येईन का" हा प्रश्न नंतर विचारा, पहिला प्रश्न "तिचं तिला परत कसं द्यायचं" हा असू द्या. बक्षीसपत्र की नवीन वाटणीपत्र, यात खर्च आणि कर किती, हे तोच सांगेल. मसुदा कन्नडमध्येच होईल, पण त्याचं शब्दन् शब्द मराठीत करून, त्यावर वकिलाची सही घेऊन तिला आठ दिवस आधी पोचवा. तिने तो तिच्या ओळखीच्या, कन्नड येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा असं तुम्हीच सुचवा. रजिस्ट्रीनंतर उताऱ्यावर तिचं नाव चढेपर्यंत तलाठ्याकडे खेटे तुम्हीच घाला, तिला चंदगडहून बोलवू नका. आणि सोसायटीचं पीककर्ज त्या शेतावर काढलेलं असेल तर उताऱ्यावर बोजा असणार. तो भेटीच्या पहिल्याच दिवशी तिला सांगा, तिच्या वाटणीवर येऊ देऊ नका, आणि तुमच्या खिशातून कोणत्या महिन्यापर्यंत फेडणार ते लिहून द्या.